बाटलीवरची सवत

"पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घे, आणि शेठ काही विचारतील तर नुसतं 'हो' म्हण," हे म्हणाले. "जास्त बोलायचं नाही. आजारातून उठलेलं माणूस कमी बोलतं."

"उठून पाच वर्षं झाली की," मी म्हटलं. "अजून अशक्तपणा गेला नसेल, तर औषध कसलं?"

ह्यांनी बाटली पुसायची थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि परत पुसायला लागले. विनोद ह्यांना कळायचा, पण परवडायचा नाही.

प्लेग येण्याच्या थोडं आधीची गोष्ट. आम्ही मुंबईत मुगभाटात राहत होतो. खाली गल्लीत बैलगाड्यांचा खडखडाट, वर आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत औषध, मागच्या खोलीत संसार. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, पण ते बाटलीवर छापलेलंच होतं, तेव्हा सांगायला हरकत नाही: नरहर विश्वनाथ जोगळेकर. पूर्वी ते कोटात, म्हणजे फोर्टात, एका साहेबाच्या औषधाच्या दुकानात होते. तिथं त्यांनी पाहिलं, की विलायतेहून बाटली येते, तिच्यावर चाळीस रोगांची नावं असतात, आणि साहेबापासून त्याच्या खानसाम्यापर्यंत सगळे ती रांगेत उभं राहून नेतात. हे घरी आले आणि त्यांनी आपली बाटली काढली. चिरायता, गूळ, दालचिनी, आणि ज्याचं नाव घरात घ्यायचं नाही असा एक अर्क. त्या अर्कानं माणसाला घटकाभर सगळं जग आपलं वाटायचं. रोग तिथंच असायचा, पण त्याची तक्रार राहायची नाही.

औषधाचं नाव 'सगुणा-संजीवन'. लेबलावर मधोमध लंबगोल चौकट, तिच्यात एक बाई. भरले गाल, नाकात नथ, कमानदार भिवया, आणि ओठांवर असं हसू, की जणू तुमचं गुपित तिला ठाऊक आहे. खाली बारीक अक्षरांत यादी: अशक्तता, अग्निमांद्य, पंडुरोग, छातीची धडधड, स्त्रियांचे सर्व विकार, पुरुषांचे उरलेले. आणि त्याखाली: 'माझी पत्नी सौ. सगुणाबाई हिला वैद्य-डॉक्टरांनी सोडून दिले होते. या औषधाने ती उठून बसली. आज ती घरचे सर्व काम करते. खात्री करून घेणाऱ्यांनी समक्ष यावे.' पंचांगाच्या मागच्या पानावरही हाच मजकूर असायचा.

लोक समक्ष यायचे. त्यांना पाहायला मिळायची ती मी. सगुणाबाई तर केव्हाच वारली होती. मी दुसरेपणाची.

खोटं बोलायची वेळ सहसा येत नसे, कारण माझंही नाव सगुणाच होतं. आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात नवरा सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहितो. वाईच्या माझ्या मैत्रिणींना कुणाला रुक्मिणी मिळालं, कुणाला सत्यभामा. मी मनात जानकी धरून बसले होते. ह्यांनी अंगठी उचलली आणि एका दमात लिहिलं, सगुणा. मांडवातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला आईविना वाढवणारी माझी मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, "मागचीचंच नाव? काय बाई जीव असेल तिच्यावर."

मावशीला वाटलं, ती नवऱ्याची स्तुती करते आहे. त्या एका वाक्यावर मी माझ्या संसाराचं पहिलं पान उघडलं, आणि ते जमेच्या नव्हे, नावेच्या बाजूनं.

माझे वडील वाईला एका पेढीवर दिवाणजी होते. माणसं पाहिली की जमा-नावे मांडायची खोड मला त्यांच्याकडून आली. पण सगुणेचं खातं मला कधी जुळवता आलं नाही. जिवंत सवत असती, तर भांडले असते, तिच्या आमटीला नाव ठेवलं असतं. मेलेल्या सवतीच्या आमटीत मीठ कधी जास्त होत नाही. देवघरात तिचा चांदीचा टाक होता, त्याला रोज गंध मी लावायचं. भाद्रपदात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवायला बोलवायची, तो स्वयंपाकही मीच करायचा. आणि पुढच्या खोलीत न मावणाऱ्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या फडताळात असत, तिथून ती बाटल्याबाटल्यांवरून माझ्याकडे बघायची. मी तिची तोंडं भिंतीकडे करून ठेवायची. संध्याकाळी हे यायचे आणि एक अक्षर न बोलता एकेक बाटली परत वळवायचे. मी मनात म्हणायची, बघ, तिचं तोंड पाहिल्याशिवाय ह्यांना घास गिळत नाही. कधी झोपेत "सगुणा" म्हणायचे. आता ही हाक कुणाच्या खात्यावर लिहू? तिच्या, की माझ्या? विचारणार कसं?

तर त्या दिवशी येणार होते शेठ वल्लभजी. खानदेश-वऱ्हाडापासून काठेवाडापर्यंत शेठचा माल जायचा. त्यांनी औषध उचललं, की लेबलं गठ्ठ्यांनी छापली जाणार, गावोगावच्या दुकानांत लागणार. हे आठवडाभर आनंदात होते. मी नव्हते. आतापर्यंत निदान मुगभाटापुरतीच मी सगुणा होते. आता मुलुखभर होणार, आणि छापून. मावशी वारल्यापासून मला बनू या माहेरच्या नावानं हाक मारणारं एकही माणूस उरलं नव्हतं. हा सौदा झाला, की बनू कायमची बुडाली. पण शेठला मी 'हो'च म्हणणार होते. नवऱ्याच्या पोटावर पाय द्यायचं मला शिकवलेलं नव्हतं.

शेठ आले. जिना चढून घामाघूम झाले, लोडाला टेकले, पगडी मांडीवर घेतली.

"जोगळेकर, एक बात सांगतो," ते म्हणाले. "आमी कागद नाय बगत. कागद खोटा बोलते. मानूस बगते. बाई, तुमी हेच औषध पिऊन बरी झाली?"

"हो."

"चव कशी हाय?"

याला 'हो' म्हणून भागणार नव्हतं. मी म्हटलं, "पहिला घोट कडू लागतो, दुसरा गोड लागतो. तिसऱ्यानंतर चव कुणी विचारत नाही."

शेठ पोट धरून हसले. "बाई हुशार हाय हां." मग त्यांनी बाटली उचलली, लांब धरली, जवळ धरली, एक डोळा लेबलावर आणि एक माझ्यावर. "पन फोटूमधी जरा निराळी दिसते."

"तेव्हा नुकती आजारातून उठली होती," हे म्हणाले.

"पन फोटूमधी जास्ती सुंदर हाय."

घ्या. मेलेली, त्यातून आजारी, आणि वर माझ्याहून सुंदर. मी पदर दोन्ही खांद्यांवरून आणखी घट्ट ओढला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. थांबत, धापा टाकत कुणीतरी वर येत होतं, आणि वर येता येता हाक मारत होतं. "सगुणे... अगो सगुणे..."

दारात एक म्हातारी उभी राहिली. विधवेचं लाल अलवण, डोक्यावरून पदर, काखेत गाठोडं, पायांना खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मला ओलांडून मागच्या खोलीकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे.

"जावईबापू, ती कुठाय?"

ह्यांचा चेहरा त्यांच्या धोतरासारखा पांढरा झाला.  "सासूबाई," म्हणाले.

शेठ खुलले. "बाईंची आई? वा. मुहूर्तावर आली. अरे, आईपेक्षा मोठी साक्ष कुनाची? बसा, माजी, बसा."

"दमून आल्यात," हे घाईनं म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता, "आत ने. पाणी दे. समजाव."

काय समजाव, ते त्यांनी सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात मी पाट मांडला, पाण्याचा पेला ठेवला. म्हातारी बसली नाही. चुलीमागे, पडद्यामागे, कोपऱ्यात बघत राहिली, जसं लपंडावात लपलेलं पोर शोधतात.

"गो पोरी, तू कोण? मोलकरीण नव्हेस, गळ्यात मंगळसूत्र आहे तुझ्या. सगुणा बाहेर गेल्ये काय?"

"तुम्ही कुठून आलात?" मी विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं. माणूस अशा वेळी वेळ काढतो.

"आंजर्ल्याहून. हर्णैला आगबोट धरली." ती अखेर टेकली. "तुला सांगत्ये. पाच पावसाळ्यांमागं पत्र आलं, सगुणा गेली म्हणून. ऐन आषाढ. दर्या बंद, आगबोटी बंद. तोंड बघायला यायचं तरी कशी? तिथल्या तिथं बसून रडल्ये. बरं, आता या वर्षी आमच्याकडे जोशीबुवांनी नवं पंचांग आणलं. मागलं पान वाचायला लागले, तो काय, सगुणाबाई उठून बसली, घरचं सगळं काम करते. मी म्हटलं, परत वाचा. परत वाचलं. तेवढ्यात बापू खोत मुंबईस येऊन गेला. सगुणेला आधी पाहिलेली नव्हती त्यानं, पण म्हणाला, काकू, मी डोळ्यांनी पाहिली, तिच्या हातची बाटली घेतली, चांगली अंगानं भरल्येय." तिनं पदरानं मान पुसली. "मी म्हटलं, जावयानं मुद्दाम लिहिलं असेल. माहेरपणाला पाठवायला नको म्हणून मेली म्हणून कळवलं असेल. होतात असे जावई. मला राग नाही आला गो. उलट बरं वाटलं. खोटारडा जावई चालेल. नारळी पौर्णिमा झाली, दर्या उघडला, मी निघाल्ये."

मी तिच्यासमोर बसले. इतकी वर्षं ज्या बाईनं माझं सगळं बळकावलं असं मी म्हणत होते, तिची आई माझ्या चुलीपाशी बसून तिला मागत होती, आणि नाही म्हणायचं काम माझ्याकडे आलं होतं.

"बापू खोतांनी पाहिली ती मी," मी म्हणाले. "औषधातली सगुणा मीच. तुमची सगुणा... पत्रात लिहिलं होतं तेच खरं."

ती रडली नाही. पेल्यातलं पाणी तिनं संपवलं, पेला उपडा ठेवला.

"वाटलंच होतं," ती म्हणाली. "पण नुसतं वाटण्यावर कुणी आगबोट सोडतं काय?"

मग तिनं गाठोडं सोडलं. का सोडलं, तिलाच ठाऊक. हाताला ते काम ठरलेलं होतं, म्हणून असेल. कुळथाचं पीठ, आमसुलं, आणि केळीच्या सोपटात बांधलेली फणसपोळी. उन्हात वाळवून वाळवून काळसर झालेली. वास सगळ्या खोलीत भरला. अर्काचा आणि दालचिनीचा वास पहिल्यांदाच त्या घरात मागे हटला.

"बरक्याची आहे. तिला कापा फणस आवडत नसे," ती म्हणाली. "आता कुणाला देऊ ही?"

माझी आई मी रांगत होते तेव्हाच गेली. मावशीनं वाढवलं, पण मावशीची स्वतःची पाच होती. सासरी मला कधी कुणी काही आणलं नव्हतं. सगुणेच्या रूपाचा मी हेवा केला, नवऱ्याच्या जिवाचा केला. पण ते सगळे भुरटे हेवे होते. खरा हेवा मला त्या फणसपोळीपाशी बसून वाटला. पंचांगाचं एक पान ऐकून, आगबोटीत ओकत ओकत, मेलेल्या मुलीला आवडतं ते घेऊन येणारी आई. मेल्यावरही सगुणेकडे ही होती. आणि मी जिवंत असून माझ्याकडे काय, तर तिचं नाव.

म्हातारीचं लक्ष फडताळाकडे गेलं. बाटल्या ओळीनं हसत होत्या. तिनं एक उचलली.

"ही कोण गो बाहुली?"

"ही?" मी म्हणाले. "ही तुमची सगुणा."

"ही?" तिनं बाटली उजेडात धरली. "माझ्या सगुणेच्या तोंडभर देवीचे वण. नाक बसकं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक. चार ठिकाणी नाकारली होती बिचारी. हसायला लागली म्हणजे मात्र ओटीवर ऊन पडल्यासारखं वाटायचं. ही कुठली भवानी?"

मी तिच्या हातातून बाटली घेतली. पाच वर्षं मी आरशात माझ्या भिवया त्या भिवयांशी ताडून पाहत आले होते.

पडदा हलला. हे आत आले, आवाज खाली ठेवून म्हणाले, "शेठ दोनदा विचारून झाले. झालं का समजावून?"

"ही बाटलीवरची कोण?" मी विचारलं.

"आता हे काय मध्येच?"

"कोण?"

"छापखान्यात ठसा तयार होता," हे म्हणाले. "कुठल्या तरी केसांच्या तेलाच्या जाहिरातीचा. छापखानेवाला म्हणाला, घेऊन टाका, चेहरा चांगला आहे."

म्हातारी चुलीकडे बघत होती. तिकडेच बघत तिनं विचारलं, "माझ्या पोरीला दिलंत, ते हेच औषध काय?"

ह्यांनी मान खाली घातली. मी ह्यांना गिऱ्हाइकाशी बोलताना पाहिलं होतं, देवाशी बोलताना पाहिलं होतं. असं बोलताना पाहिलं नव्हतं.

"हेच," म्हणाले. "सासूबाई, तिच्यासाठीच तर केलं होतं. आणि ती उठून बसली होती. देवाशपथ. भिंतीला टेकून बसली, पेजेची वाटी मागून घेतली, माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, जिंकलं. मी त्याच पावली छापखान्यात गेलो आणि मजकूर लिहून दिला. लेबलं घेऊन घरी आलो, तोवर..." त्यांनी हात नुसता हलवला. "लेबलं फार सुरेख आली होती."

 मग म्हातारीनं बोट माझ्याकडे केलं. "आणि हिला तिचं नाव का दिलंत?"

"लेबलं छापून झाली होती," हे म्हणाले.

इतकंच. मांडवात मावशी म्हणाली होती, काय बाई जीव असेल तिच्यावर. जीव होता की नव्हता, देव जाणे. नावाचं कारण मात्र कागदाचा गठ्ठा होता. मी विचारलं, "आणि बाटल्या रोज संध्याकाळी वळवून ठेवता, त्या?"

"भिंतीला ओल आहे," हे आश्चर्यानं म्हणाले. "लेबलं सुटतात. तुला इतकंही कळू नये?"

मला हसू आलं. पाच वर्षं जपून साठवलेली पुरचुंडी सोडावी आणि आतली सगळी नाणी खोटी निघावीत, तसं. मी हेवा केला तो केसांच्या तेलाचा आणि भिंतीच्या ओलीचा.

ह्यांनी हात जोडले, मला नव्हे, म्हातारीला. "सासूबाई, बाहेर शेठ बसलाय. तुम्ही एक शब्द बोला. ही माझी मुलगी, एवढंच. गेलेली काही परत येत नाही. हिचं मात्र सगळं आयुष्य पुढं आहे. तुम्हांला मी कधी अंतर देणार नाही."

म्हातारीनं फणसपोळी परत सोपटात गुंडाळली, हातात घेतली आणि उठली.

बाहेर शेठ पाठीशी लोड घेऊन आरामात बसले होते. "हां माजी, सांगा. ही तुमची छोकरी?"

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाठवणीच्या वेळी बघतात तसं. माझं मंगळसूत्र, माझे बाटल्या धुऊन चिरलेले हात.

"हो," ती म्हणाली. "माझीच आहे."

"मरनाच्या दारातून मागे आली?"

"आली तर. समोर उभी आहे." आणि तिनं ती फणसपोळी माझ्या हातात ठेवली. "घे गो सगुणे. तुझ्यासाठी आणल्ये."

ह्यांनी सुस्कारा सोडला, तो मला ऐकू आला. शेठनं पगडी डोक्यावर ठेवली, म्हणजे सौदा झाला. मला सगळं मिळालं होतं. नवऱ्याचा धंदा, वर एक आई, आणि हातात फणसपोळी, अजून तिच्या हाताची ऊब असलेली. फक्त 'हो' म्हणायचं होतं, आणि तेही आता कुणी विचारत नव्हतं.

पण ती सगुणेला दिलेली होती.

"काकू," मी म्हणाले, "मी सगुणा नव्हे. शेठ, ह्या काकूंची मुलगी वारली. हेच औषध घेत होती. मी दुसरेपणाची. माझं नाव बनू."

पुढं मुगभाटात माझा मोठा लौकिक झाला. जोगळेकरीणबाई म्हणजे सत्याला जागणारी, नवऱ्याचंही खोटं चालवून घेत नाही. लोकांना काय सांगायचं? सत्याशी माझं त्या दिवशी काही देणंघेणं नव्हतं. मला ती फणसपोळी दुसरीच्या नावानं नको होती.

शेठ उठले. रागावले नाहीत, धंद्यातला माणूस रागावत नाही. त्यांनी बाटली जागेवर ठेवली, दाराशी गेले आणि वळून म्हणाले, "पन बाई, तुमची तबेत तर फस्क्लास हाय. ती कशानं?"

"भाकरीनं," मी म्हटलं.

"ती बाटलीमधी भरता नाय येत," शेठ म्हणाले, आणि हळूहळू जिना उतरून गेले.

हे बराच वेळ लोडाकडे बघत बसले. मी वाट पाहत होते, आता आभाळ कोसळेल म्हणून. हे म्हणाले, "बनू कुणी ठेवलं होतं?"

"आईनं."

"हं," म्हणाले, आणि उठून बाटल्या फडताळात ठेवायला लागले. या वेळी तोंडं कुठं होती, ते त्यांनी पाहिलं नाही.

पुढं हे परत कोटातल्या साहेबाकडे गेले. उरलेली लेबलं मी आमसुलांच्या आणि लोणच्याच्या बरण्यांना चिकटवली. आमच्या घरचं लिंबाचं लोणचं कितीतरी वर्षं पंडुरोगावर गुणकारी होतं. मला हाक मारताना ह्यांनी मात्र दोन्ही नावं टाळली, नुसतं 'अगं' म्हणायला लागले. माझी तक्रार नव्हती. 'अगं'वर आधी कुणाचा हक्क नव्हता.

दुर्गाकाकू, म्हातारीचं नाव दुर्गा, अविधवा नवमीपर्यंत राहिल्या. त्या दिवशी मी सवाष्ण बोलवायला निघाले, तर म्हणाल्या, "घरात आहे की एक. तू बस." सवतीच्या नावाच्या पाटावर सवत बसलेली मी कधी ऐकली नव्हती, पण त्यांनी बसवलं, ओटी भरली, स्वतः वाढलं. जेवता जेवता मी विचारलं, "त्या दिवशी शेठपुढं 'हो' का म्हणालात?" भात वाढायचं थांबून त्या म्हणाल्या, "एक मेली होती. दुसरीचा संसार मोडायला आगबोटीचे हेलपाटे घेतले होते काय मी?" मग तूप वाढत म्हणाल्या, "जेव गो बने, पोटभर जेव."

मला कुणी बने म्हटलं, ते किती दिवसांनी, हे मी मोजलं नाही.

पुढं दर वर्षी नारळी पौर्णिमा झाली, की पहिल्या आगबोटींतून कुणा ना कुणाबरोबर गाठोडं यायचं, नाहीतर त्या स्वतः यायच्या. फणसपोळी बरक्याचीच असायची. मला कापा आवडतो, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी त्या आल्या त्या आजारीच आल्या. दिवाळीच्या सुमारास ताप चढला, माणसं ओळखीनाशी झाली. एका दुपारी मी चुलीपाशी होते, हे त्यांच्या उशाशी बसले होते. तापात त्यांनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं आणि हाक मारली, "सगुणे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मला ते जिथं दुखायचं, तिथं तेव्हाही दुखलं. त्यावर अजून बाटली निघालेली नाही.

"अगो सगुणे, आलीस काय गो?"

मी हातातलं उलथनं खाली ठेवलं, चूल सोडून उठले, आणि ओ दिली.